दारू सोडायची आहे? नाशिकमध्ये पहिल्या मीटिंगला जाताना

एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला यायला आधी दारू सोडलेली असावी लागत नाही. हे सगळ्यात आधी सांगायचं कारण याच गैरसमजापायी लोकांची वर्षं वाया जातात. ‘आठ दिवस कोरडे काढतो, मग ताठ मानेनं जातो’ असं ठरतं, चौथ्या दिवशी पुन्हा बाटली उघडते आणि मीटिंग पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. अट एकच आहे, दारू थांबवायची इच्छा. ती डळमळीत असली तरी चालते.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूत पार बुडालेले. एकमेकांशी मोकळेपणानं बोललं की प्यायची ओढ सुसह्य होते, हे त्यांना 1935 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात उमगलं आणि तिथून हे काम सुरू झालं. भारतात 1957 पासून गट चालतात. इथे डॉक्टर नसतो, व्याख्याता नसतो, फी नसते, हजेरीपट नसतो. दारू सोडलेली माणसं दारू सोडू पाहणाऱ्यांसोबत बसतात. मराठी गटांत या आजाराला मद्यपाश म्हणतात. शब्द नेमका आहे, कारण फास जसा ओढाल तसा आवळत जातो.

आधी अंगाकडे बघा

मीटिंग शोधण्याआधी एक गोष्ट तपासा. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात का? पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का? भास झाले होते का? यांतल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल, तर स्वतःच्या मनानं दारू एकदम बंद करू नका.

शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 12 तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, झोप उडते. फिट येण्याची भीती पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. या अवस्थेत माणूस दगावू शकतो. घरात असं काही दिसलं तर मांत्रिक, लिंबूपाणी, ‘झोपू द्या, उतरेल’ यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

इतकी वेळ आलेली नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, सकाळच्या ओपीडीला जाऊन मानसोपचार विभाग विचारा. खासगी मानसोपचारतज्ज्ञही चालतील. डॉक्टरांना आकडा खरा सांगा. ‘थोडीशी घेतो’ यावरून औषधाचा डोस ठरत नाही. ‘रोज दोन क्वार्टर, सहा वर्षं, शेवटची काल रात्री दहाला’ यावरून ठरतो. आणखी एक चूक वारंवार होते. अशक्तपणा आला म्हणून घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात आणि दारूचा विषय न काढता ग्लुकोजचं सलाईन लावून घेतात. खूप पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व फार कमी उरलेलं असतं. आधी बी-1 न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तुम्ही लपवलंत तर डॉक्टरांना हे कळणार कसं?

औषध आणि मीटिंग यांत भांडण नाही. एए औषध देतही नाही आणि बंद करायलाही सांगत नाही. एखाद्या जुन्या सदस्यानं ‘गोळ्या सोड’ असा सल्ला दिलाच, तर तो त्याचा वैयक्तिक सल्ला समजा आणि डॉक्टरांनाच विचारा.

मीटिंग शोधायची कशी

मोबाइलवर नुसतं ‘दारू सोडवा नाशिक’ टाकलं की वर दिसतात त्या बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती. फरक फोनवरच कळतो. पलीकडचा माणूस पैशांचं बोलू लागला, ‘गाडी पाठवतो, उचलून आणतो’ म्हणाला, तर ती एए नव्हे. दाखल व्हायची गरज काहींना असतेच, पण त्यासाठी केंद्र निवडताना 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी आहे का, डॉक्टर किती वेळ असतात आणि घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न आधी विचारा. उत्तर द्यायला जो का-कू करेल तिथे जाऊ नका.

मीटिंगची माहिती मिळवायला एएच्या भारतातल्या सेवा कार्यालयाचं संकेतस्थळ बघा. तिथे शहरवार गट आणि ऑनलाइन मीटिंगा शोधता येतात. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416. दोन्हीकडे मराठीत बोलायचं आहे असं सांगता येतं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात समुपदेशकांना विचारा. त्यांचा गटांशी संबंध येतोच. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतलेले असतील, तर नाशिककडच्या पाठपुराव्याची चौकशी तिथेच करा.

फोन लावायला जीभ रेटत नसेल तर हे वाक्य कागदावर लिहून वाचा: ‘नमस्कार, मला दारू थांबवायची आहे. मी सिडकोत राहतो. जवळची मीटिंग कुठे आणि कधी असते?’ नाव सांगायची गरज नाही. एएच्या फोनवर पलीकडचा माणूस स्वतः यातून गेलेला असतो, तो जास्त खोदून विचारत नाही.

पत्ता मिळाला की चार गोष्टी विचारून घ्या. वार आणि वेळ. मीटिंग खुली आहे की बंद: खुल्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं, बंद मीटिंग फक्त दारू थांबवू पाहणाऱ्यांसाठी असते. भाषा, कारण शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सरमिसळ असते. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: आत शिरायचं कुठून? बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, एखाद्या संस्थेच्या खोलीत भरतात. संध्याकाळी मुख्य गेट बंद असतं आणि वाट मागच्या बाजूनं असते. बाहेर पाटी नसते, असली तर वहीच्या कागदाएवढी. नवा माणूस बंद गेट बघून पाच मिनिटं रेंगाळतो, ‘आज नसेल’ म्हणून मागे फिरतो आणि वाटेत परमिट रूम लागतेच. म्हणून ज्याच्याशी फोनवर बोललात त्यालाच म्हणा, ‘मी पावणेसातला गेटपाशी येतो, कुणी थांबेल का?’ बहुधा तोच थांबतो.

यादी जुनी असण्याची शक्यता धरा. जागा बदलतात, परीक्षेच्या दिवसांत शाळेचा वर्ग मिळत नाही, गणपतीत हॉल मंडळाकडे जातो. त्याच दिवशी दुपारी एक फोन करून खात्री करा.

जवळची की लांबची

नाशिक अजूनही असं शहर आहे की नाशिकरोडचा माणूस पंचवटीत चहा प्यायला तरी कुणीतरी घरी सांगतं. ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती खरी आहे. ज्यांना ती फार वाटते त्यांनी पहिल्या दोन-तीन मीटिंगा शहराच्या दुसऱ्या टोकाला कराव्यात. देवळालीकडच्यानं गंगापूर रोडकडे जावं, सातपूरच्यानं नाशिकरोडकडे. पण कायम लांबच जात राहू नका. पावसात, थकलेल्या अंगानं लांबची मीटिंग आधी बुडते. ओळखीचा कुणी आत दिसलाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला आहे. मीटिंगमध्ये कोण दिसलं, काय ऐकलं हे बाहेर काढायचं नाही, हा तिथला कडक शिरस्ता आहे.

सातपूर-अंबडच्या शिफ्टवाल्यांनी आठवड्याचा कागद मांडूनच बसावं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग मिळते. सेकंड शिफ्टला ती हुकते, तेव्हा सकाळची ऑनलाइन किंवा साप्ताहिक सुट्टीची मीटिंग धरायची. नाइट असेल तर मीटिंग करून थेट कंपनीत जाता येईल असा गट बघायचा. सिटीलिंकनं जाणार असाल तर परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा. आणि घर ते मीटिंग हा रस्ता नेहमीच्या दुकानावरून जात असेल तर बदला. दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल.

पहिला दिवस

दहा मिनिटं आधी पोचा. उशीर झाला की सगळ्यांच्या नजरा चुकवत खुर्ची शोधावी लागते आणि तेवढ्या कारणावरून लोक परत जातात. त्या दिवशी घेतलेली असेल तरी जा. बहुतेक गट बसू देतात. गप्प बसायचं, बोलायचं नाही, गाडी चालवत जायचं नाही. पोटात काहीतरी घालून निघा, कारण उपाशीपोटी ओढ वाढते. जुने सदस्य भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांवर डोळा ठेवायला सांगतात, ते उगीच नाही.

आत गेलात की दाराशी चपला, भिंतीला सुतळीनं टांगलेले एएच्या बारा पायऱ्यांचे (दारूपासून सुटायची वाट) आणि बारा परंपरांचे (गट चालवायची रीत) फलक, प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा शाळेची बाकं, टेबलावर थोडी पुस्तकं आणि एक घंटा. कुणीतरी चहा देईल. हात थरथरत असतील तर ‘अर्धाच कप द्या’ म्हणा. त्या खोलीत हे वाक्य नवं नाही, अर्ध्या कपाचा अर्थ तिथे सगळ्यांना कळतो.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला काही क्षण शांतता किंवा प्रार्थना, मग एए म्हणजे काय याचं छोटं वाचन, मग एकेक जण उठून बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. ‘मी अमुक, मी मद्यपी आहे’ अशी सुरुवात होते, बाकीचे नमस्कार म्हणतात. बोलणाऱ्याला मधे कुणी अडवत नाही, उपदेश करत नाही, उत्तर देत नाही. वेळ संपली की घंटा वाजते.

तुमच्यावर पाळी आली तर ‘आज फक्त ऐकायला आलोय’ एवढं पुरे. खरं नाव सांगायचं बंधन नाही. ‘मी मद्यपी’ म्हणणं जड जात असेल तर म्हणू नका.

ऐकताना एक खोड सगळ्यांनाच लागते: मोजमाप काढायची. ‘यानं बायकोचं मंगळसूत्र विकलं, मी तर असं काही केलं नाही. मी फक्त बिअर घेतो. मी फक्त वाईन घेतो.’ द्राक्षांच्या आणि वायनरींच्या या जिल्ह्यात हा शेवटचा युक्तिवाद फार ऐकू येतो, म्हणून हिशेबच बघा. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलिच्या पेगमध्ये जवळपास 13 मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. 12 टक्क्यांच्या वाईनच्या 150 मिलिच्या ग्लासात 18 मिलि. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिच्या बाटलीत 52 मिलि, म्हणजे चार पेग. यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. तेव्हा बोलणाऱ्याच्या आयुष्यात काय वेगळं आहे हे न शोधता आपल्यासारखं काय आहे तेवढं ऐका: लपवून ठेवलेली बाटली, सोमवारची रजा, मुलांना दिलेला आणि मोडलेला शब्द.

शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. चहा, भाडं, पुस्तकं यांचा खर्च गट स्वतःच भागवतो आणि बाहेरून देणगी घेत नाही. पहिल्या दिवशी काही टाकू नका, कुणी अपेक्षा करत नाही. पुढे दहा-वीस रुपये जमेल तसे टाका.

देवाचं नाव ऐकून काही जण बिचकतात. बारा पायऱ्यांमध्ये देव आहे, पण ‘आम्हाला उमगला तसा’ या शब्दांसह. गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून वर्षानुवर्षं सोबर राहिलेले नास्तिकही असतात. चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग असली म्हणून तिचा धर्माशी संबंध नसतो, ती जागा भाड्याची असते.

मीटिंग संपल्यावरची पंधरा मिनिटं

नवा माणूस सगळ्यात मोठी चूक इथे करतो. प्रार्थना संपली की चप्पल घालून निघतो. आमच्या मते मीटिंगचं निम्मं काम या पंधरा मिनिटांत होतं. कट्ट्यावर उभे असलेल्यांत जा आणि ‘मी नवीन आहे, दोन-तीन नंबर मिळतील का’ असं विचारा. मिळाले की तिथेच उभ्या उभ्या एकेक मिस्ड कॉल द्या, म्हणजे नंबर बरोबर आहे हेही कळतं आणि पुढचा फोन अनोळखी राहत नाही.

फोन करायचा तो पहिल्या पेगच्या आधी. नंतर केलात तर समोरचा फक्त ऐकू शकतो. सवय व्हावी म्हणून पहिला आठवडाभर काही कारण नसतानाही रोज एक फोन करा. ‘काही नाही, सहज केला’ एवढंच बोला. कठीण संध्याकाळी जड जातं ते नंबर दाबणं, बोलणं नव्हे, आणि ते बोट आधीच सरावलेलं असावं लागतं.

पहिल्या मीटिंगवरून निकाल देऊ नका. प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी: कुठे वयस्कर जास्त, कुठे तरुण, कुठे वाचन जास्त, कुठे मोकळं बोलणं. किमान सहा मीटिंगा, तेही दोन-तीन वेगवेगळ्या गटांत बसून बघा. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करण्याची जुनी शिफारस आहे. नाशिकमध्ये प्रत्यक्ष आणि ऑनलाइन मिळून ती जमवता येते. ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. पण नुसत्या ऑनलाइनवर राहू नका. कॅमेरा बंद करून हातात ग्लास धरता येतो.

काही आठवड्यांनी स्पॉन्सर शोधा, म्हणजे बारा पायऱ्यांची वाट हाताला धरून दाखवणारा जुना सदस्य. तो निदान वर्षभर सोबर असावा, तुमचा फोन उचलणारा असावा. पुरुषानं पुरुष आणि स्त्रीनं स्त्री घ्यावी, ही रीत अनुभवातून आली आहे. गटात कुणाला उसने पैसे देऊ नका, कुणाकडून घेऊ नका. पैशाचं बिनसलं की आधी मीटिंग सुटते, मग बाकी सगळं.

बायकांनी पहिल्यांदा जाताना फोनवर स्पष्ट विचारावं, ‘या मीटिंगला महिला सदस्य येतात का?’ येत नसतील तर महिलांच्या ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करा. पुरुषाच्या दारूवर समाज हसतो, बाईच्या दारूवर थुंकतो. म्हणून त्या घरात कोंडून पितात आणि मदतीपर्यंत उशिरा पोचतात. पहिल्या वेळी सोबत बहीण किंवा मैत्रीण हवी असेल तर खुली मीटिंग निवडा.

घरच्यांसाठी

नवऱ्याला, मुलाला मीटिंगला ढकलत नेता येत नाही, पण तुम्ही स्वतः मात्र जाऊ शकता. अल-अनॉन हे मद्यपींच्या नातेवाइकांचे गट 1951 पासून वेगळे चालतात आणि पिणारा सोडो न सोडो, तुम्हाला तिथे जागा असते.

जेवणात मिसळायची ‘त्याच्या नकळत दारू सोडवणारी’ पावडर विकत घेऊ नका. अशा पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. त्यात डायसल्फिरम असेल आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. डायसल्फिरम खरोखर उपयोगी औषध आहे, पण घेणाऱ्याला माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शेवटच्या घोटानंतर निदान 12 तासांनी. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो.

मीटिंगहून आल्यावर ‘काय सांगितलं तिथे?’ अशी उलटतपासणी घेऊ नका. जेवायला वाढा.

अवघड दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करा

नाशिककरांचे धोक्याचे दिवस ठरलेले आहेत. आषाढ अमावस्येची गटारी. रंगपंचमी, जुन्या नाशकात रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांच्या, आसपासची दुपार. 31 डिसेंबर. हळदी आणि वराती. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना द्राक्षाचा माल गेल्यावर हातात पडणारे पैसे, कांदावाल्यांना लासलगावहून परततानाची रोकड. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांच्या धावपळीत मीटिंगा बुडतात आणि साधारण चार महिन्यांनी पैसा येतो तेव्हा माणूस गटापासून तुटलेला असतो. म्हणून छाटणीच्या दिवसांतही आठवड्याला एक तरी मीटिंग, निदान फोनवर, सोडू नका. माल विकायला जाताना घरातलं कुणी सोबत न्या आणि पैसे शक्य तर थेट खात्यात घ्या.

लग्नात जायचंच असेल तर अक्षता पडल्या, जेवलात, की निघा. ग्लासात स्वतः ओतलेलं पाणी किंवा सरबत हातात ठेवा, रिकाम्या हाताला लोक ग्लास देतात. ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ एवढं उत्तर पुरतं.

पाय घसरला तर

अनेकांचा घसरतो. तीन महिने, कधी तीन वर्षं सोबर राहूनही. यात दारूपेक्षा लाज जास्त नुकसान करते, कारण ‘आता कोणत्या तोंडानं जाऊ’ म्हणत माणूस मीटिंग टाळतो आणि एक रात्रीचं पिणं सहा महिन्यांचं होतं. सोडल्यानंतर पुन्हा जुन्याच मापानं पिणं शरीराला झेपत नाही, हेही लक्षात असू द्या. पुन्हा थरथर सुरू झाली तर सिव्हिलची वाट तीच, ओपीडी तीच. नाही तर त्याच दिवशी स्पॉन्सरला फोन करा, किती दिवस आणि किती प्यायलो ते खरं सांगा आणि संध्याकाळी नेहमीच्या मीटिंगला जा. दहा मिनिटं आधी.